तलवाड्याचं शिबिर पुसलं गेलं तेव्हा

आमच्या नणंदबाईंना इतकी वर्षं झाली, तरी मी नोकरीत नेमकं काय करत होते ते सांगता येत नाही. कुणी विचारलं की त्या "वहिनी रक्तपेढीत हायत" एवढं सांगून मोकळ्या होतात. मग लग्नकार्यात कुणीतरी बाई मला बाजूला घेऊन आपलं हिमोग्लोबिन सांगते, कुणी बाही वर सारून शीर दाखवतं. मी आयुष्यात कुणाला सुई टोचलेली नाही. रक्त बघितलं की मला आजही गरगरतं. मी सांभाळली ती रक्ताची माहिती. बीडमधल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीचा डेटाबेस माझ्या ताब्यात होता. तो जपणं आणि त्याच्या प्रती जिवंत ठेवणं, एवढंच माझं काम. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. बॅकअपवर कोण काय वाचणार? पण मग तलवाड्याचं शिबिर आठवलं आणि लिहायला बसले.

आधी माझा धंदा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. डेटाबेस म्हणजे एकमेकांना जोडलेले तक्ते. आमच्याकडे एका तक्त्यात शिबिरं, दुसऱ्यात रक्तदाते, तिसऱ्यात रक्ताच्या पिशव्या आणि चौथ्यात त्या पिशव्यांच्या तपासण्या. पिशवीवर माणसाचं नाव नसतं, नंबर असतो. त्या नंबरावरून पिशवी दात्याला जोडलेली, दाता शिबिराला जोडलेला. ही जोडणी आहे तोवर सगळं ठीक. ती तुटली की हातात नुसते आकडे राहतात आणि कुठला आकडा कुणाचा, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

आणि आमचा डेटाबेस काही लहान नव्हता. बीड जिल्ह्यात रक्तदानाला कधी तोटा पडत नाही. कुणाचाही वाढदिवस असो, पुण्यतिथी असो, नारायणगडावरची यात्रा असो, मांडव पडला की शिबिर आलंच. पोरं रांगा लावून रक्त देतात आणि नेत्याबरोबर फोटो काढून घेतात. मी हसते खरी, पण त्या फोटोच्या हौसेपायी किती जीव वाचले ते मला ठाऊक आहे. एवढ्या वर्षांत दात्यांची संख्या लाखांत गेली होती.

आता प्रत आणि बॅकअप. लोकांना दोन्ही एकच वाटतं. आमचं मुख्य मशीन ऑफिसात, दुसरं माजलगावच्या शाखेत आणि तिसरं आमच्याच इमारतीत मागच्या स्टोअरमध्ये. पहिल्यावर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी बाकी दोघांवर उमटायचं. याला प्रत म्हणायचं. एक मशीन जळालं, वीज पडली, उंदरांनी वायर खाल्ली, तरी दुसरं उभं. बॅकअप वेगळा. तो रोजच्या रोज सगळी माहिती गोळा करून डिस्कवर बांधून ठेवायचा. बॅकअप म्हणजे कालचा फोटो आणि प्रत म्हणजे आरसा. आरशाचा घोटाळा असा की तुम्ही तोंडाला काळं फासलंत तर तोही फासून घेतो. आणि बॅकअपचा घोटाळा असा की त्यातली एक पळी हवी असली तरी अख्खा संसार टेम्पोतून उतरवून मांडावा लागतो. त्याला आमच्या मशीनवर दिवस सरून जायचा. हे मी ट्रस्टच्या प्रत्येक बैठकीत सांगायचे आणि प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारायचंच, की एकावर भागतंय तर तीन मशिनी कशाला.

तिसरं मशीन स्टोअरमध्ये होतं, म्हणजे महालिंगमामांच्या राज्यात होतं. मामा आमचे स्टोअरकीपर, जनरेटरही तेच बघायचे. जंगमाचं घर, कपाळाला भस्माचे पट्टे आणि स्वभाव एकदम करारी. त्यांच्या खोलीत चप्पल घालून जायची कुणाची टाप नव्हती. मशीनवर धूळ दिसणार नाही, आजूबाजूला खोकं दिसणार नाही, त्या बाबतीत मला बोलायला जागा नव्हती. आमचं भांडण व्हायचं ते वर्षातून एकदा, खंडेनवमीला.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा विळा, सुताराची करवत, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्याला कामाला लावायचं नाही. मामा पानेपकडीपासून अँब्युलन्सपर्यंत सगळ्यांची पूजा करायचे. रक्ताचे फ्रीज बंद करता येत नाहीत हे त्यांना कबूल होतं, म्हणून फ्रीजपुढे हात जोडून माफी मागायचे. पण तिसरं मशीन मात्र बंद करायचे, म्हणजे करायचेच. त्यावर झेंडू, पुढे नारळ. इकडे माझ्या पडद्यावर लाल अक्षरं यायची, की तिसरी प्रत थांबली. मी तरातरा जाऊन म्हणायचे, मामा, हा काही विळा नाही. ते शांतपणे म्हणायचे, "काम करतंय ना? मग हत्यारच हाय." रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टर बाईंकडे तक्रार नेली तर त्या हसायच्या. मुख्य मशीन चालू आहे, माजलगावचं चालू आहे, एका दिवसानं काय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. माझा जीव मात्र दुसऱ्या दिवशी मशीन चालू होऊन राहिलेलं सगळं भरून घेईपर्यंत टांगणीला.

ज्या दसऱ्याची गोष्ट सांगतेय त्याच्या आदल्या दिवशीही आमचं असंच वाजलं होतं. मी दोनदा जाऊन बोलून आले, मामांनी दोनदा ऐकून घेतलं आणि काही केलं नाही.

दसऱ्याला रक्तपेढी उघडीच असते. रक्ताला सुट्टी नसते. सकाळीच दिंद्रुडहून शिवहार आप्पा आपल्या पोरीला घेऊन आले. आप्पांचं दिंद्रुडच्या बाजारात पाइप-मोटारीचं दुकान. पोरगी वैष्णवी, तेव्हा चौथीत असेल. तिच्या अंगात रक्त नीट तयारच व्हायचं नाही, जन्मापासूनचा आजार. दर थोड्या आठवड्यांनी तिला बाहेरचं रक्त द्यावं लागायचं. ती इतक्या वेळा आली होती, की नर्सलाच शीर कुठली घ्यायची ते दटावून सांगायची आणि माझ्या खोलीतल्या फिरत्या खुर्चीवर हक्कानं बसायची. त्या दिवशी ती खुर्चीकडे आली नाही. बापाच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. तापानं रक्त एकदम उतरलं होतं, ओठ पांढरे पडले होते. ती गप्प आहे हेच मला भयंकर वाटलं.

तिची एक अडचण होती. इतक्या जणांचं रक्त घेऊन घेऊन तिचं शरीर परक्या रक्ताला विरोध करायला लागलं होतं. रक्तगट जुळला तरी भागत नाही, त्याच्या पोटात आणखी बारीक खुणा असतात, त्याही जुळाव्या लागतात. नाहीतर दिलेलं रक्त शरीर मोडून टाकतं आणि पोर उलट अत्यवस्थ होते. डॉक्टर बाईंनी त्यासाठी तलवाड्याच्या शिबिरातले सगळे दाते मोठ्या लॅबमधून तपासून घेतले होते. तलवाड्याचेच का, तर ती माणसं हाकेला येणारी. त्यातून वैष्णवीला चालतील अशी बोटांवर मोजण्याइतकी माणसं सापडली. ती कोण, हे लॅबला माहीत नव्हतं, लॅबकडे फक्त पिशवीचे नंबर. ते जोडलेलं होतं फक्त आमच्या डेटाबेसात.

फ्रीजमध्ये तिच्याजोगी पिशवी नव्हती. डॉक्टर बाई माझ्या दारात येऊन म्हणाल्या, वैष्णवीची माणसं काढा, आजच बोलवायला पाहिजे. मी शोध लावला. काही आलं नाही. वाटलं, माझंच बटण चुकलं. पुन्हा लावला. मग तलवाड्याचं शिबिर उघडायला गेले तर शिबिरच नाही. शिबिर नाही, दाते नाहीत, पिशव्या नाहीत, तपासण्या नाहीत.

आमच्याकडे शिबिरांचं काम भास्कर बघायचा. जिल्ह्यातल्या गावोगावच्या पोरांशी ओळख, माणूस सोन्यासारखा, फक्त कुणाला नाही म्हणता यायचं नाही. मी हाक मारली तशी त्याचा चेहराच सांगून गेला. झालं होतं असं, की तलवाड्याचं ते शिबिर गावातल्या जुन्या पुढाऱ्याच्या, अण्णांच्या नावावर होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर तिथल्या तरुण पुढाऱ्यानं, दादानं, सीमोल्लंघन करून पलीकडचा गट गाठला. पोरं मीच गोळा केली होती, तर शिबिर माझ्या नावावर पाहिजे, संध्याकाळी सत्कारात तसं प्रमाणपत्र पाहिजे, असा त्याचा सकाळपासून फोनवर फोन. शिबिराचं नाव बदलता येत नाही, ते मी बंद करून ठेवलं होतं. मग भास्करनं सरळ मार्ग काढला. जुनं शिबिर काढून टाकायचं आणि नव्या नावानं पुन्हा भरायचं. मशीननं इंग्रजीत विचारलं की याच्याशी जोडलेलं सगळं जाईल, चालेल का. ह्यानं हो दाबलं. शिबिर गेलं, त्याच्यामागं दाते गेले, दात्यांमागं पिशव्या, पिशव्यांमागं तपासण्या.

"नावच तर बदलायचं होतं, ताई," तो म्हणाला. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माजलगावला फोन लावून विचारलं. तिथंही साफ. असणारच. प्रत इमानदार असते, चूकही इमानदारीनं उतरवून घेते. बॅकअप होता, पण तो मांडायला मोकळं मशीन पाहिजे आणि दिवसभराचा वेळ पाहिजे. कागद होते, पण कित्येक शिबिरांचे एकत्र, पोत्यांमध्ये बांधून गोदामात पडलेले. डॉक्टर बाई म्हणाल्या, बघा, उद्यापर्यंत रक्त चढलं नाही तर तिच्या हृदयाला झेपणार नाही. आप्पा बाहेर बाकावर बसले होते. त्यांना अजून काही सांगितलं नव्हतं.

मोकळं मशीन कुठून आणू, असं म्हणत होते आणि तेवढ्यात डोक्यात आलं. मामांचं मशीन कालपासून बंद आहे. भास्करनं आज सकाळी काय केलं ते त्याला माहीतच नाही. त्याच्या पोटात तलवाडा अजून शाबूत आहे. आणि दुसरं लगेच आलं, की आज दसरा. मामा आता पूजा उतरवतील, बटण दाबतील, मशीन जागं होऊन राहिलेलं सगळं भरून घेईल आणि त्यात ते पुसणंही येईल. एका क्षणाचं काम.

मी व्हरांड्यातून पळाले. त्या वयात, पदराचं भान न ठेवता पळाले. स्टोअरच्या दारात चप्पल काढायचीही शुद्ध नव्हती. मामांनी फुलं उचलून ताटात घेतली होती, नारळ फुटला होता आणि त्यांचा हात बटणाकडे निघाला होता. मी ओरडले, मामा, हात लावू नका.

ते माझ्या पायातल्या चपलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काल दिसभर चालू करा, चालू करा म्हनून डोस्कं खाल्लं. आज मुहूर्तावर चालू करायलो तर नगं म्हनता. कावून?"

सांगत बसायला वेळ नव्हता. मी मागं वाकून नेटवर्कची वायर उपटली आणि हातात धरूनच म्हणाले, आता करा चालू. मामांनी आधी मशीनला हात जोडले, मग बटण दाबलं. मशीन जागं होईपर्यंत मी उभीच होते. वायर काढलेली, त्यामुळे त्याला बाहेरची काही खबर लागणार नव्हती. मी तलवाडा शोधला. होता. शिबिर होतं, दाते होते आणि वैष्णवीला चालणारी माणसं एकाखाली एक उभी होती. मला तिथंच रडू फुटलं. मामा गडबडून गेले. बिचाऱ्यांना वाटलं, आपल्या पूजेत काही चुकलं.

माहिती परत मुख्य मशीनवर नेली तीही रीतीनं. आधी शिबिर, मग दाता, मग पिशवी, मग तपासणी. आईआधी लेकरू ठेवायला गेलं तर डेटाबेस घरात घेत नाही. ते काम मागाहून सावकाश झालं, आधी भास्करनं फोन नंबर घेतले. एकानं थोड्याच दिवसांपूर्वी रक्त दिलेलं, त्याचं घेता येत नव्हतं. दुसरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेलेला. राहिले तलवाड्याचे आसारामबापू, जुने शेतकरी, अण्णांचे कट्टर. भास्करचा आवाज ऐकताच त्यांनी फोन आपटला. दादाच्या पोरांनी गावभर बोंब केली होती, की शिबिर आता आपल्या नावावर आलं.

मग मी लावला. बापू शांतपणे बोलले, पण धार होती. माझं रक्त दादाच्या नावावर चढवलं म्हणे, मग दादालाच बोलवा, असं म्हणाले. माझा मुळात संताप झालेलाच होता. मी म्हटलं, तुमचे अण्णा आणि तुमचे दादा दोघंही राहू द्या एका बाजूला, इथं एक लहान पोरगी आहे, तिला तुमच्याशिवाय आज कुणाचं चालत नाही, आणि यायचं नसेल तर तेवढं स्पष्ट सांगा म्हणजे मी तिच्या बापाला जाऊन सांगते.

मग ते म्हणाले, "शिबिर कोनतं लिवनार?"

विचारणं बरोबर होतं. आमच्या मशीनवर शिबिराशिवाय दाता चढवताच येत नाही, तो रकाना रिकामा सोडता येत नाही. मी म्हटलं, तुमच्यासाठी नवं शिबिर उघडते, त्यात ना अण्णा ना दादा. बापू म्हणाले, येतो, पण स्वतःच्या डोळ्यानं बघणार.

दुपारपर्यंत आले. नवं धोतर, नवा फेटा, फेट्यात आपट्याची पानं. रक्त देऊन झाल्यावर चहाबिस्किट बाजूला सारून थेट माझ्या खोलीत. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. शिबिराच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'एकट्याचं शिबिर'. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं आणि मिशीत हसले. म्हणाले, "ह्ये कुनाला खोडता येत न्हाई ना?" मी खोटं कशाला सांगू, खोडता येतं म्हटलं, पण आता परत आणताही येतं. त्यांना ते पटलं असावं. ती पोरगी कोण, कुठली, हे नियमानं सांगता येत नाही. त्यांनी विचारलंही नाही.

तपासण्या होऊन रक्त दुसऱ्या दिवशी वैष्णवीला चढलं. दुपारी ती उठून बसली आणि सुई नीट लावली नाही म्हणून नर्सला झापलं. आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी तिकडे गेलेच नाही. कुणाचं रडणं मला बघवत नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. शिबिर काढून टाकायचा अधिकार सगळ्यांचा काढून घेतला. भास्करनं तो स्वतःहूनच आणून दिला आणि नंतरच्या सगळ्या पुढाऱ्यांना नाही म्हणायला तोच पुढे असायचा. आणि मामांच्या मशीनला कायमचं एक दिवस मागं ठेवलं. मुख्य मशीनवर आज जे होईल ते त्याला उद्या कळेल, अशी सोय असते. मोठ्या शहरांत तशी पद्धत आहे, मी वाचलंही होतं, पण वाचलेलं आणि अंगावर आलेलं यात फरक असतो. मामांना मी कधी शाबासकी दिली नाही. ते म्हणायचे, पूजेमुळे वाचलं. मी म्हणायचे, योगायोग. पण खंडेनवमीला मग मी भांडायला गेले नाही, एवढं खरं.

वैष्णवीला पुढेही रक्त लागतच राहिलं, आजही लागतं. नंतर आणखी माणसं सापडली, औषधं सुधारली. बापू अगदी आत्ताआत्तापर्यंत तिच्यासाठी येत होते, दर वेळी 'एकट्याचं शिबिर'. मग वयाची मर्यादा आली आणि आम्हीच त्यांचं रक्त घेणं थांबवलं.

माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा वैष्णवी भेटायला आली. आता ती आप्पांचं दुकान बघते, गिऱ्हाइकांना दटावते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "काकू, नाव नका सांगू. फक्त येवढं सांगा. मला पयल्यापासून देनारा एक मानूस हाय म्हनं. त्यो हाय का अजून?"

मी सवयीनं मशीनकडे वळले. बापूंची ओळ समोर आली. शेवटची पिशवी कोणती, तपासणी कोणती, रक्तदान वयामुळे बंद. इतकी वर्षं तीन-तीन मशिनींवर जपलेली ही सगळी माहिती, पण माणूस आहे की नाही, हे त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मी फोन उचलला आणि नंबर लावला. बापूंना फोनवर हळू बोलणं माहीत नाही, समोर बसलेल्याला सगळं ऐकू जातं. नाव मी घेतलं नाही, रक्तपेढीतून बोलतेय एवढंच म्हटलं. ते म्हणाले, आता तर माझं घेत न्हाई तुमी, मग फोन कावून केला? मी म्हटलं, सहज, तब्येत विचारायला. समोर वैष्णवीनं तोंडावर हात दाबून धरला होता.

"मी बरा हाय," बापू म्हणाले. मग म्हणाले, "ती पोरगी हाय का?"

मी तिच्याकडे बघितलं.

"हाय," मी म्हणाले.